मार्थाबाईंचं उद्यापन

सुप्रभाताईंना ईमेल वाचायचा मनस्वी कंटाळा. चाळीस वर्षं इंग्लंडात काढली, निम्म्या इल्फर्डच्या पोरांचे कान-घसे तपासले, पण कमिटीचा मेल आला की बाईंचा अंगठा थेट तळाला. 'रिफ्रेशमेंट्स: सुप्रभा' एवढं दिसलं, त्यांना तेवढं पुरलं.

कमिटी होती मार्था विगिन्सची. ही मार्था दोनशे वर्षांपूर्वी याच भागात राहायची आणि गुलामगिरी बंद व्हावी म्हणून दारोदार फिरायची. तिच्या नावाने पार्कात एक दगडी बाक बसवायचा आणि दर जूनमध्ये तिचा दिवस साजरा करायचा, हा ध्यास पॉलीनचा. पॉलीन म्हणजे सुप्रभाताईंच्या वॉर्डातली सिस्टर, आईबाप जमैकाहून आलेले, आणि खापरपणजीच्याही मागची माणसं तिथल्या मळ्यात गुलाम म्हणून ऊस तोडणारी. कौन्सिलचे उंबरठे झिजवून अकरा वर्षांनी तिला परवानगी मिळाली होती. असा दिवस तोंड गोड केल्याशिवाय कसा जायचा? सुप्रभाताई दोन दिवस बेसन भाजत बसल्या. यजमान शशिधररावांनी 'चव बघतो' म्हणत सात लाडू गट्ट केले, तरी दीडशे उरले.

कार्यक्रमाला जाताना गाडीत करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी पॉलीनने दिलेलं माहितीपत्रक एकदाचं उघडलं. मळ्यातली साखर गुलामांच्या घामाची, म्हणून मार्थाने सव्वीस वर्षं घरात साखरेचा कण येऊ दिला नव्हता. लोकांच्या दारी जाऊन ती हेच सांगायची, साखर सोडा. आज तिच्या मानाखातर चहासुद्धा बिनसाखरेचा, असं खाली ठळक छापलेलं. आणि मागच्या सीटवर लाडवांचे सहा डबे.

"अहो, गाडी घरी घ्या," त्या म्हणाल्या. शशिधररावांनी हसू दाबायला खोकल्याचं सोंग केलं आणि पंधराच मिनिटं उरल्याचं सांगितलं. बिस्किटं घेऊ म्हटलं, तर त्यातही साखर. सुप्रभाताईंना रडू यायचंच बाकी होतं. अकरा वर्षं राबलेल्या मैत्रिणीच्या दिवसाचा आपण विचका करणार, तोही एक मेल वाचायचा आळस केला म्हणून. डबे गाडीतच ठेवून त्या गर्दीत अगदी मागे जाऊन उभ्या राहिल्या.

मेयरचं भाषण झालं. पॉलीन दोनच वाक्यं बोलली. मग बाकावरचं कापड ओढलं. दगडात मार्थाचं नाव कोरलं होतं, खाली तिच्या मृत्यूचं वर्ष, १८२९. त्याखाली आणखी एक ओळ होती, की गुलामगिरी संपवणारा कायदा चार वर्षांनी झाला.

सुप्रभाताईंनी ते वर्ष पुन्हा वाचलं. म्हणजे बिचारी तशीच गेली. त्यांना एकदम आपली आई आठवली. एका चातुर्मासात आईने साखर सोडली होती. चार महिने अगोड चहा, आणि कार्तिकात नेम पुरा झाल्यावर लाडू. मार्थाचा नेम मात्र पुरा झालाच नव्हता.

एवढ्यात पॉलीन शोधत आलीच. खायला काय आणलंस म्हणून विचारू लागली. सुप्रभाताईंनी सगळं कबूल केलं. मेल वाचला नाही इथपासून दीडशे लाडवांपर्यंत. पॉलीनचा चेहरा पडला. तशी सुप्रभाताईंनी घाईघाईने आईचा चातुर्मासही सांगून टाकला. आमच्याकडे एखादी वस्तू सोडली, की नेम संपल्यावर त्याचं उद्यापन करतात, म्हणजे तीच वस्तू आधी दुसऱ्याला द्यायची आणि मग आपण खायची. मी मुद्दाम काही केलं नाही, उगाच शहाणपणा सांगत नाही, डबे परत नेते, असंही त्या म्हणाल्या.

पॉलीनने वळून त्या दगडाकडे पाहिलं.

"सोडणारं माणूसच नेम पुरा व्हायच्या आधी गेलं तर?" तिने विचारलं.

"तर घरचं कुणीतरी करतं."

"तिला मूलबाळ नव्हतं."

सुप्रभाताई गाडीकडे वळल्या.

"तिने साखर सोडली ती माझ्या माणसांसाठी," पॉलीन म्हणाली. "मग घरची मीच की. आण ते डबे."

शशिधरराव डबे घेऊन आले. चहा ठरल्याप्रमाणे बिनसाखरेचाच होता, आणि लाडवाबरोबर तो तसाच बरा लागतो, असं मेयरनेही मान्य केलं. पण ते नंतर. पहिला लाडू पॉलीनने बाकावर मार्थाच्या नावाशी ठेवला. दुसरा मोडून अर्धा सुप्रभाताईंच्या तोंडात घातला, आणि त्यांचा घास गिळून होईपर्यंत उरलेला अर्धा हातात धरून उभी राहिली. मग स्वतः खाल्ला.