घरी गेलेले

वूहानमधल्या त्या इस्पितळात नवा न्यूमोनिया शिरला, तेव्हा वॉर्डप्रमुख फानसाहेबांना काळजी लागली ती वैद्यकीय नियतकालिकात द्यायच्या लेखाची. रोगी कसे आले, त्यांचं पुढे काय झालं, हे सगळ्यांआधी आपल्या नावावर छापून यायला हवं. त्यात मेलेले कमी दिसले तर आणखी उत्तम. त्यासाठी साहेबांनी जी युक्ती काढली, तिनं त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर पेइचनच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

माणूस जाणार असं दिसलं की त्याला घरी न्यायचं, आपल्या अंथरुणात डोळे मिटू द्यायचे, ही पिढ्यांची रीत. साहेब नातेवाइकांच्या कानात तीच रीत फुंकत. रोगी दाराबाहेर पडला की लेखात 'घरी सोडले'. मग तो वाटेत का मरेना, साहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

कोपऱ्यातल्या खाटेवर ओयांग आजोबा होते. जन्मभर नदीवर फेरीबोट चालवलेले. ऑक्सिजनवर होते, पण ताप उतरला होता आणि सकाळी त्यांनी कमळकाकडीचं सूप मागितलं होतं. नळी राहिली तर म्हातारा वाचेल, असं पेइचनला वाटत होतं. साहेबांनी मात्र त्यांच्या मुलाला गाठलं. नव्या वर्षाचा सण तोंडावर आलाय, वडील घरच्यांत असावेत, असं गोडगोड बोलले. मुलगा बिचारा डोळे पुसत तयार झाला.

"सर, नळी काढली तर ते टिकणार नाहीत."

"फार जीव लावतेस बाई तू. आणि तो मास्क काढ आधी. लोक घाबरतात."

तिनं काढला नाही. साहेबांनी तर कधी लावलाच नव्हता; शूर ना! आजोबांना संध्याकाळी नेलं आणि दुसऱ्या दिवशी ते गेल्याचा निरोप आला. लेखात ते 'घरी सोडले' यांतच राहिले.

मग साहेबच खोकत आले. वॉर्ड आणि लेख दोन्ही पेइचनच्या हाती आले, साहेब कोपऱ्यातल्या खाटेवर. धाप वाढली तशी त्यांच्या बायकोनं भाबडेपणानं विचारलं, "सण आलाय, घरी नेऊ का यांना?"

साहेबांनी पेइचनची बाही घट्ट धरली. "नको गं. घरी नको पाठवूस."

पेइचनला त्यांची कीवही आली नाही. तिनं नळी नीट बसवली.

"नाही पाठवत, सर. आणि मेलात, तर मेलेल्यांतच धरीन. ओयांग आजोबांना कालच धरलंय."