काशीबुवांची झील

काशीराम गेल्याचा फोन प्रेमलावहिनींनी स्वतः केला. "भावोजी, बुवा गेले. तुम्ही येईपर्यंत उचलायचं नाही असं सांगून ठेवलंय," एवढंच बोलल्या. मी लांज्याला लेकीकडे असतो. नम्रता डबा भरायला लागली, तर म्हटलं, "मयताला जातोय बाय, डबा कसला?" पिशवीत एक धोतर, टॉवेल आणि झांज टाकली नि पहिल्या गाडीने संगमेश्वराकडे निघालो. दुपारच्या गाडीने परत यायचं होतं.

जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, पण त्याचं विशेष काही नाही. तिकिटं फाडली, पगार घेतला. जन्माचं सार्थक म्हणाल तर काशीरामच्या मागे उभं राहून झील ओढण्यात झालं. कीर्तनकार ओळ म्हणतो, मागचे ती उचलून धरतात, ती झील. सप्त्याला, रामनवमीला, कुठल्या कुठल्या वाड्यांतल्या देवळांत आम्ही गेलो. मी ड्युट्या बदलून घ्यायचो आणि जागरणाच्या डोळ्यांनी सकाळच्या गाडीवर चढायचो. देव गाभाऱ्यात असतो तो असतोच. पण पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला आणि बुवा आख्यान लावायला उभे राहिले, की तो उठून मंडपात येऊन बसतो असं मला आजही वाटतं. बसतो तोही बायकांच्या बाजूला. रडणं तिकडचं खरं असतं.

काशीरामचं नाव होतं ते गजराच्या शेवटच्या सुरासाठी. विठ्ठलाचं नाव घेऊन तो सूर लावायचा आणि तो सूर तुटायचाच नाही. लोक म्हणायचे, बुवांना श्वास लागत नाही. लागायचा हो. त्याचा दम संपत आला की मी त्याच सुरात शिरायचो. तो श्वास घेऊन परत यायचा, मग मी सोडायचो. सांधा कुणाला कळायचा नाही. घरी परतताना तो म्हणायचा, "आत्म्या, लोक म्हणतात माझ्यात देवाचा श्वास आहे. तो लांज्याच्या डेपोत बिल्ला लावून फिरतो हे सांगू काय त्यांना?" आणि आम्ही दोघं वाटेत बसून हसायचो.

मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आज गाडीत खिडकीशी बसल्यावर पहिल्यांदा वाटलं. तो गेला, पण त्याचा सूर चार गावांच्या कानांत आहे. मी जाईन तेव्हा काय राहणार? झीलकऱ्याची झील बुवांच्याच सुरात मुरून जाते. उद्या वर गेल्यावर देवाने विचारलं, बाबा, तू खाली काय ठेवून आलास, तर त्याला काय सांगू?

वाडीत पोचलो तेव्हा अंगणात लाकडं येऊन पडली होती. मयताला घरटी एक लाकूड द्यायचं, ही आमच्याकडची रीत. भिकाजी, वाडीतला सगळ्यात म्हातारा माणूस, ती रचून घेत होता.

"आलास काय रे कंडक्टर? तुझ्यासाठी गाडी थांबवून ठेवलीय."

"पुढची सीट त्याने धरली," मी म्हटलं.

"धरू दे. आपली पण रिझर्वेशनं झालीत."

मी ओटीवर जाऊन काशाचं तोंड बघितलं. वहिनींनी नुसता माझा हात धरला. मग केतनने, त्यांच्या मुलाने, बापाच्या तोंडात पाणी घातलं, तशी तिरडी उचलायची वेळ झाली आणि सगळेच जागच्या जागी थबकले. वाडीतल्या प्रत्येक मयतापुढे भजन काशीरामच सांगायचा. आता कोण सांगणार?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "मला उचलायला येतं रे, सांगायला नाही येत."

केतन मुंबईला कंपनीत असतो. लहानपणी देवळात माझ्या पायाशी बसायचा, कीर्तन रंगात आलं की माझ्याच पिशवीवर डोकं ठेवून झोपायचा. पण 'आमच्या केतनला सूर नाही' असं बापानेच एकदा चारचौघांत म्हटलं, तेव्हापासून भजनात त्याने तोंड उघडलं नव्हतं. तो म्हणाला, "आबांचं गेल्या सप्त्यातलं कीर्तन आमच्या रसिकाच्या फोनमध्ये आहे. स्पीकरवर लावू."

"म्हणजे स्वतःच्या मयतापुढे स्वतःच भजन सांगणार काय हा?" भिकाजी म्हणाला.

"दुसऱ्या कुणाचं त्यांना पसंत तरी पडलं असतं का?" वहिनी दारातून बोलल्या. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं.

केतन विस्तवाचं मडकं घेऊन पुढे झाला. भिकाजीने स्पीकर छातीशी धरला. काशीरामचा आवाज आला आणि माझ्या हातातली झांज आपोआप वाजली. तो ओळ देत होता, आम्ही उचलत होतो. घरालगतच्या कापलेल्या भाताच्या मळ्यातून चालताना क्षणभर मला तिरडीचा विसर पडला. गजर लागला. शेवटचा सूर आला. फोनमधल्या काशीरामचा दम संपत आला, तसा सवयीने मी सुरात शिरलो.

आणि स्पीकर बंद पडला.

फोन राहिला होता नातीच्या, रसिकाच्या हातात, घराच्या ओटीवर. बायका दारापर्यंतच येतात. स्पीकर फोनपासून लांब गेला की मुका होतो, हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मी सूर धरून होतो. तो परत यायची वाट बघत होतो. ये की रे आता, मनात म्हणत होतो, किती ताणू? आणि तेव्हा मला कळलं की तो यायचा नाही. सकाळपासून कळलं नव्हतं ते त्या बांधावर कळलं. डोळे भरले, छातीतलं संपत आलं. म्हटलं, आता तुटतो.

तुटला नाही. पुढून कुणीतरी तो धरला होता. जाड, रडका, थोडा उतरलेलाच आवाज. मागे न बघता, हातात मडकं घेऊन केतन तो सूर ओढत होता. आणि शिरला होता नेमका तिथे, जिथे मी शिरत आलो. पुढच्याचा दम संपल्यावर नाही, संपायच्या जरासा आधी. हे मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. मी श्वास घेतला आणि पुन्हा त्याच्यात मिसळलो. तसेच आम्ही दोघं काशीरामला स्मशानापर्यंत घेऊन गेलो.

सगळं आटोपल्यावर पऱ्याच्या वाहत्या पाण्यात पाय धूत होतो. केतन शेजारी येऊन बसला.

"काका, चुकलं का?"

"सूर खाली होता."

"आबा म्हणायचेच, मला सूर नाही."

"पुढे उभा राहिलास तर नाहीच. मागे उभा राहा."

तो बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. मग म्हणाला, "तेराव्यापर्यंत रोज संध्याकाळी घरी भजन लागेल. पुढे कोण उभा राहणार?"

"मोडकंतोडकं मी राहीन," मी म्हणालो. बोलून गेल्यावर माझं मलाच नवल वाटलं. "पण माझा दम तोकडा आहे हो. लक्ष ठेवावं लागेल."

"ठेवीन," तो म्हणाला.

वर येऊन नम्रताला फोन लावला. म्हटलं, तेराव्यापर्यंत येत नाही.

"एका धोतरावर राहणार बाबा? आणि बीपीच्या गोळ्या?"

"संध्याकाळच्या गाडीला कंडक्टरजवळ दे. माझं नाव सांग."

"ओळखेल का तो तुम्हाला?"

"नाही ओळखलं, तर सांग, काशीबुवांच्या मागे उभा राहायचा तो."