बायकोच्या दोन कवळ्या

मास्तरांनी शाळेत कधी कुणाला शिकवलं नव्हतं. त्यांची चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या बनवण्यात गेली होती, आणि या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही म्हणून सगळे दंतवैद्य त्यांना मास्तर म्हणत. ही गोष्ट मास्तरांनाही ठाऊक होती. जरा जास्तच ठाऊक होती. घराच्या तळमजल्यावर त्यांची लॅब होती आणि दोन वर्षांपासून शेजारच्या टेबलावर त्यांची सून बसायची. सून हुशार होती, मेहनती होती, सासऱ्यांचा मान ठेवणारी होती. मास्तरांच्या मते तिच्यात एकच खोट होती, ती म्हणजे तिने आणलेला प्रिंटर.

मास्तरांची पद्धत जुनी. मेणात दात बसवायचे, ते प्लास्टरमध्ये पुरून लोखंडी डबीत बंद करायचे, मेण उकळत्या पाण्याने काढून टाकायचं आणि राहिलेल्या पोकळीत पावडर-लिक्विड कालवून केलेला रेझिनचा गोळा भरायचा. मग डबी हातप्रेसमध्ये आवळायची, अगदी लोखंडाला लोखंड भिडेपर्यंत, आणि पाण्यात तासन्‌तास शिजवायची. सूनबाई कवळी कॉम्प्युटरवर आखायची, मशीन चालू करायची आणि जेवायला जायची. ती परत येईपर्यंत पातळ रेझिनमधून थरावर थर चढून गुलाबी कवळी तयार! मास्तरांना हे बघवत नसे.

"शिजवल्याशिवाय काही पक्कं होतं का?" ते म्हणत. "तीन महिन्यांत चहाने पिवळी पडेल ही तुझी कवळी."

"पडेलही, बाबा. डाग जरा लवकर धरते ती," सून शांतपणे म्हणायची. "मग तीच फाइल पुन्हा प्रिंट करायची."

समोरचा माणूस असा अर्धं कबूल करून बसला की भांडणार तरी कसं? मास्तर नुसतेच धुसफुसत राहत.

अशात मास्तरांच्या बायकोचे उरलेसुरले दात काढावे लागले आणि वादाला नवं तोंड फुटलं. हिरड्या भरून आल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. मास्तरांनी जाहीर केलं की एकाच मापावर ते आणि सून एकेक कवळी करतील, बायको तीन महिने दोन्ही वापरेल आणि मग कुठली चांगली ते सांगेल.

"मला कुणी विचारलं का?" बायको म्हणाली. "दोन-दोन कवळ्या! तोंड एकच आहे माझं."

पण चार दिवसांनी तिच्यासमोर दोन वाट्यांत दोन कवळ्या आल्याच. डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला होता की दोन्ही घेऊन एकदा या, चावा नीट बसतो का बघते. सुनेने सासूला नेऊन आपली दाखवली. मास्तर मात्र हसले. इतरांच्या कवळ्या डॉक्टर तपासतात ते ठीक आहे, पण घरच्या माणसाची, आपल्या हातची कवळी तपासायला न्यायची म्हणजे हद्दच झाली.

त्यानंतर ते बायकोला रोज विचारत, "कशी आहे माझी?" आणि ती रोज म्हणे, "छान आहे की." सुनेच्या कवळीबद्दल विचारलं तरी छानच. रात्रीच्या जेवणाला ती आठवणीने मास्तरांची कवळी लावून बसायची, मऊ तेवढं थोडंसं खायची आणि उठायची. भूक मंदावली असेल, वय झालं, असं मास्तर मनाशी म्हणत. कवळीवाल्याने असं म्हणावं याला काय म्हणायचं? पण घरच्या माणसाकडे आपण गिऱ्हाइकाइतकं लक्ष देऊन बघत नाही, हेच खरं.

तीन महिने भरत आले होते. एका दुपारी मास्तर चष्मा विसरले म्हणून वर आले. दुपारी ते कधी वर येत नसत. बायको झोपली होती आणि खिडकीत, चांगल्या उजेडात, दोन वाट्या ठेवलेल्या होत्या. त्यांनी डोकावून पाहिलं आणि त्यांची छाती फुगली. सुनेची कवळी पिवळटली होती! दातांच्या फटींत चहाचा तांबूस रंग बसला होता. शेजारच्या वाटीतली त्यांची कवळी मात्र अशी लखलखत होती की जणू आत्ताच पॉलिश करून ठेवली असावी.

मास्तरांनी दोन्ही वाट्या उचलल्या आणि चष्मा तिथेच विसरून ते जिना उतरले.

"बघ!" त्यांनी वाट्या सुनेसमोर ठेवल्या. "मी काय म्हणत होतो? एक ही, आणि एक ही!"

सुनेने बघितलं. तीच फाइल पुन्हा प्रिंट करते, असं काही ती म्हणाली नाही. ती मान खाली घालून हातातलं अवजार पुसत राहिली आणि तिचे कान लाल झाले.

मास्तरांनी दिवा जवळ ओढला आणि आपली कवळी उजेडात धरली. दाढांच्या माथ्यावरसुद्धा पॉलिशची चमक जशीच्या तशी होती. तीन महिने चावलेल्या दाढेवर अशी चमक राहत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? डाग पडलेली कवळी दिवसभर वापरात होती म्हणून डागाळली होती. त्यांची रात्रीचं जेवण सोडलं तर वाटीत पडून होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"आईंनी शपथ घातली होती, बाबा."

मास्तरांनी कवळी जबड्यासारखी उघडमीट करणाऱ्या सांध्याच्या यंत्रावर चढवली, वरखालच्या दातांमध्ये निळा कागद धरला आणि यंत्र मिटलं. निळे ठिपके उमटले ते फक्त उजवीकडच्या शेवटच्या दाढांवर. बाकी दात कोरडेच राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. याचा अर्थ ते शिकाऊ पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले होते: डबी पुरती मिटलेली नाही. लोखंडाला लोखंड भिडायच्या आधीच प्रेस आवळणाऱ्या हाताने दम सोडला. त्यांनी आपल्या उजव्या दंडाकडे पाहिलं. गेले काही महिने तो संध्याकाळी ठणकायचा, आणि ते कुणालाही सांगत नव्हते.

"तुमचं रेझिन चांगलंच आहे, बाबा," सून हळूच म्हणाली. "माझ्या रेझिनपेक्षा डाग कमी धरतं, पडलं तरी सहज तडकत नाही."

"रेझिनचा दोष नाहीच, बाळ. हाताचा आहे."

ते वर गेले. बायको उठून वाट्या शोधत होती. त्यांना पाहताच तिने पदराने तोंड झाकलं.

"आ कर," मास्तर म्हणाले.

"अहो, काहीतरीच काय!"

"आ कर म्हणतो ना."

उजवीकडे आत, खालच्या हिरडीवर जखम होती. कडा पांढरी, मध्ये लाल. मास्तरांनी अशा जखमा आयुष्यभर पाहिल्या होत्या. ही काल-परवाची नव्हती. रोज थोडी भरत होती आणि रोज रात्री जेवताना त्यांच्यासमोर पुन्हा सोलून निघत होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? रोज इतक्या आशेने विचारत होतात," ती म्हणाली. "तासाभराचा तर प्रश्न असायचा."

मास्तर तडक खाली आले. सुनेला म्हणाले, "गेल्या सहा महिन्यांत माझ्या हातची कुठली कुठली कवळी बाहेर गेली, त्याची यादी काढ बघू."

"पण बाबा, डॉक्टर तपासूनच बसवतात ना?"

"उंच लागेल तेवढं वरवर घासून बसवतात. काढ तू."

सतरा निघाल्या. सून नंबर लावून देत होती आणि मास्तर फोन कानाला धरून खुर्चीच्या कडेवर बसले होते. पहिलाच फोन डॉक्टरीणबाईंना. त्यांच्याकडच्या तीन म्हाताऱ्या माणसांना परत बोलवा, कवळ्या मी नव्याने करून देतो आणि प्रेस आता सून आवळेल, एवढं मास्तर एका दमात बोलून गेले.

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "पण मास्तर, तिघांपैकी एकाचीही तक्रार आलेली नाही."

"माझ्या घरातूनही आली नव्हती," मास्तर म्हणाले. "बोलवा त्यांना."