गळ अडकला तर

मासे कसे धरायचे हे येरमाळ्याच्या आसपास कुणाला विचारायचं असेल तर बब्रुवानलाच विचारावं, असं दुसरं कुणी म्हणायच्या आधी बब्रुवान स्वतःच म्हणायचा. वय सहासष्ट, अंगानं काटक, आणि तोंड असं की समोरच्यानं चूक कबूल केल्याशिवाय बंद व्हायचं नाही. त्याची चार एकर जमीन साठवण तलावात गेली त्याला वीस वर्षं झाली. भाऊबंद रडले, कचेरीत खेटे घालून दमले. बब्रुवाननं जवळच्या वाशीच्या बाजारातून गळ आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणला आणि आपल्याच रानाच्या काठावर बसला. "वीस साल वरनं पीक घेतलं, आता खालचं घिऊ," म्हणाला.

त्याची सून निकिता मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढायची आणि टाकायची. म्हाताऱ्याचं फटकळ बोलणं लोकांना भलतंच आवडलं. "गाठ आवळायच्या आधी थुंकी लावा. कोरडा तंगूस आवळला की गाठीपाशीच तुटतोय, मग बसा बोंबलत. ऊन तोंडावर घिऊन बसा, सावली पाण्यावर पडली की मासा पसार. आन् रोज नवी जागा काय हुडकता येड्यावानी? एकाच जागी चार दिस पेंड टाका, पाचव्या दिशी गळ टाका. तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा बास झाला, दुकानातलं लाल-पिवळं मासा बघाय येत न्हाय!"

सगळ्यात जास्त चालला तो 'गळ अडकला तर काय कराल?' हा व्हिडिओ. तीन लाख लोकांनी बघितला. त्यात बब्रुवान म्हणतो, "तंगूस तोडतो त्यो माणूस मासं धरायच्या लायकीचाच न्हाय. वीस सालात म्या एक गळ पाण्यात सोडला न्हाय. तंगूस हातात धरायचा, त्येच्या मागं मागं चालत जायाचं आन् गळ सोडवून आणायचा. काठाला पाणी कंबरंच्या वर नसतंय. भ्यायचं काय त्यात?" मग धोतर खोचून तो खरंच पाण्यात शिरतो, बोलत बोलत जातो आणि गळ वर धरून हसत परत येतो.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. सकाळी एक बाई दारात आली. पस्तिशीची असेल. हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं.

"व्हिडिओतले काका तुम्हीच का?" तिनं विचारलं.

बब्रुवान खूष झाला. "म्याच की! या, बसा. निकिता, चहा टाक. कोण मासं धरतंय तुमच्यात?"

"मालक धरायचे," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले, बुडून गेले."

निकिता आतून बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

बाईचं नाव श्रीदेवी. माहेर उमरग्याकडचं, सासर वाशीच्या अलीकडं. नवऱ्याचं नाव सोमलिंग, गावात किराणा दुकान. घर लिंगायताचं, मांस-मच्छीचं नाव काढायची सोय नाही. आणि या सोमलिंगला कुठून कोण जाणे, गळाचा नाद लागला. खायचा नाही, धरायचा आणि सोडून द्यायचा. बापाला कळू नये म्हणून काठी कडब्याच्या गंजीत लपवायचा आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तीन कोसांवरच्या तळ्यावर जायचा. शिकला तो सगळं मोबाइलवर, बब्रुवानचं बघून.

"त्या दिवशी सकाळी मी भांडले त्यांच्याशी," श्रीदेवी म्हणाली. "गळ्यात इष्टलिंग घालून ही कामं करता, लाज वाटत नाही का, म्हटलं. भांडण सगळ्या आळीनं ऐकलं, कशावरनं ते कुणाला कळलं नाही. दुपारी त्यांना तळ्यातनं काढलं. पाण्याखाली जुनी विहीर आहे तिथं, तिच्यात सापडले. मागं एका माणसानं तिथंच जीव दिला होता म्हणतात. मग काय, सगळे म्हणायला लागले, बायकोच्या जाचानं ह्यानंही दिला."

"तुमी सांगितलं न्हाय व्हय, गळाचं?"

"मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करू, म्हणून गप बसले. आता सासरे म्हणतात, माहेरी जा, पोरगी इथंच राहील. भुवनेश्वरी सहा वर्षांची आहे, काका. परवा माझा भाऊ न्यायला येतोय. आता मी खरं सांगते, तर म्हणतात, मेलेल्यावर आळ घेते. माझ्या पोराच्या हातात गळ? असं म्हणून थुंकले माझ्यापुढं." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "काठी मी आणली लपवून, पण दाखवली तर म्हणतील, तूच कुठनं तरी आणलीस. तंगूस मात्र पाण्यात अडकलेलाच होता. तोडायला हात झाला नाही, काठीचा सोडवून बाभळीला बांधून ठेवलाय. ते गळ सोडवायलाच गेले होते. तुम्ही सांगितलं तसं. तुम्ही येऊन एवढंच सांगा."

बब्रुवान घाबरला. आणि घाबरला की तो नेहमी जे करायचा तेच त्यानं केलं, आवाज चढवला. "म्या काय त्याला ढकलला व्हय? माणसानं आपली अक्कल वापरावी की न्हाय? लाखो लोकांनी बघितलाय व्हिडिओ!"

"मी तुम्हाला दोष द्यायला नाही आले."

"मामा, तुम्ही काही बोलू नका," निकिता घाईनं म्हणाली. "ताई, वाईट वाटतंय हो फार, पण उद्या ह्याची पोलिस केस झाली म्हणजे? म्हातारा माणूस आहे."

श्रीदेवीनं चहाला हात लावला नाही. उठली, पिशवी घेतली, "पोरगी जाईल माझी," एवढंच म्हणाली आणि स्टँडच्या वाटेला लागली.

बब्रुवान बराच वेळ ओट्यावर बसून होता. मग म्हणाला, "त्यो व्हिडिओ लाव."

निकितानं लावला. बब्रुवान स्वतःचं बोलणं ऐकत नव्हता, तो पाय बघत होता. व्हिडिओतला बब्रुवान तंगूस धरून सरळ चालला होता. वीसेक पावलं सरळ गेला आणि मग काही कारण नसताना डावीकडं वळला, अर्धा वळसा घातला आणि पुन्हा रेषेत आला. तोंडानं बडबड चालूच होती. त्यानं तो तुकडा तीनदा लावायला सांगितला.

"काय बघताय मामा?"

"हितं आपली हीर हाय," बब्रुवान म्हणाला. "खाली. म्या न बघता वळसा घातलाय गं. माझ्या पायास्नी ठाव हाय. त्यास्नी कसं ठाव असंल?"

निकितानं सासऱ्याला असं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो उठला, गोठ्यातली लांब दोरी खांद्यावर टाकली आणि चप्पल शोधायला लागला. "मी पण येते," ती म्हणाली आणि तिनं स्कूटी काढली. श्रीदेवी अजून स्टँडवरच बसली होती. तिची बस गेली होती, की तिनंच जाऊ दिली होती, कुणास ठाऊक. तिला मधे बसवून तिघं तिच्या सासरच्या वाटेला लागली.

धोंडप्पा, म्हणजे सोमलिंगचा बाप, दुकानाच्या पायरीवर बसला होता. कपाळाला विभूतीचे पट्टे, दाढी वाढलेली. सून परक्या माणसांना घेऊन आलेली बघून त्यानं तोंड फिरवलं.

"तुमच्या पोरानं जीव दिला न्हाय," बब्रुवाननं सरळ सांगितलं. "मासं धराय गेला व्हता. म्या त्यातला माणूस हाय. तळ्यावर चला, दावतो."

"आमच्या घरात अंडं आलं नाही कधी," धोंडप्पा म्हणाला. "हिनं तुम्हाला शिकवून आणलंय."

श्रीदेवी घरामागं गेली. कडब्याच्या गंजीत हात घालून तिनं काठी ओढून काढली आणि सासऱ्याच्या पायाशी ठेवली. काठीला मूठ होती आणि मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. धोंडप्पानं ती चिंधी दोन बोटांत धरून बघितली. धोतर त्याचंच होतं. तो उठला आणि शेजारच्याच्या रिक्षात जाऊन बसला.

तळ्यावर भर दुपारचं ऊन होतं. बाभळीला बांधलेला तंगूस पाण्यात तिरका गेलेला दिसत होता, ताठ. बब्रुवाननं सदरा काढला. दोरीचं एक टोक बाभळीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मधली दोरी निकिताच्या हातात दिली. "सावकाश सोड. म्या दिसंनासा झालो की वढ."

तो तंगूस धरून पाण्यात उतरला. गुडघाभर झालं, मांडीभर झालं. पंचवीस पावलांवर पाणी कमरेला आलं. तो पायानं पुढची जमीन चाचपत चालला होता, हे त्यानं आयुष्यात आपल्या तळ्यात कधी केलं नव्हतं. एकाएकी उजव्या पायाखाली काही लागेना. खालच्या खोल पाण्याचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढला. तो जागीच थांबला, अंगठ्यानं दगडाची कड शोधली आणि कडेकडेनं वाकून हात घातला. तंगूस विहिरीच्या बरोबर वरून पलीकडच्या काठाच्या फटीत गेला होता. त्याच्या मागं मागं जाणारा माणूस विहिरीतच जाणार. वळसा घालून पलीकडं जाऊन त्यानं गळ सोडवला.

काठावर येऊन त्यानं गळ तळहातावर धरला. "ह्यो बघा. तंगूस थेट हिरीवरनं गेलाय. गळ सोडवाय गेला, हिरीत पाय गेला. जीव द्याय जाणारा माणूस तंगूस धरून जात न्हाय."

धोंडप्पा गळाकडं बघत राहिला. पंधरा दिवस पोरगा जगणं नको म्हणून गेला असं समजून हा माणूस जगत होता. "म्हणजे त्याला मरायचं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"मग उतरला कशाला? तोडून टाकायचा की दोरा. एवढासा तर गळ आहे."

श्रीदेवीनं मान खाली घातली. तिचं काम झालं होतं, पोरगी तिची राहणार होती. तिनं बब्रुवानकडं बघितलंसुद्धा नाही. निकितानं सासऱ्याचा दंड धरला आणि हलकेच मागं ओढला. गप बसला असता तर कुणाला कळलं नसतं.

"म्या सांगितलं म्हणून उतरला," बब्रुवान म्हणाला. "मोबाइलवर. तोडू नका, आत जा, भ्यायचं काय त्यात, आसं म्याच सांगितलं."

धोंडप्पानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ओलं धोतर, छातीवरचे पांढरे केस. मग त्याची नजर कमरेवर थांबली.

"तू दोरी बांधून उतरलास," तो म्हणाला. "माझ्या पोराला दोरीचं सांगितलं होतंस का?"

"न्हाय."

"का?"

सबब शोधायला बब्रुवान कधी अडला नव्हता, पण आज एकही सुचेना. "आमच्या तळ्याखालची जमीन माझी हुती," तो म्हणाला. "हीर कुठं हाय ते मला ठाव हुतं. म्हणून दोरी लागली न्हाय. ते... सांगायचं राहिलं."

"राहिलं," धोंडप्पा म्हणाला.

त्यानं बब्रुवानच्या हातातला गळ उचलला, उपरण्याच्या टोकात बांधला. मग सुनेला म्हणाला, "श्रीदेवी, चल. पोरगी शाळेतनं येईल." ती त्याच्या मागून निघाली. रिक्षात बसताना म्हाताऱ्याचा तोल गेला तसा तिनं त्याला हात दिला, आणि त्यानं तो धरला.

रिक्षा दिसेनाशी झाली तरी बब्रुवान तिथंच उभा होता.

"मामा, चला," निकिता म्हणाली. "व्हिडिओ मी आत्ता काढून टाकते."

"काढ," तो म्हणाला. "पर तीन लाख लोकांच्या डोक्यातनं कसा काढशील?"

तो खाली मान घालून कमरेची गाठ सोडायला लागला. पाण्यानं भिजून ती आवळली होती, बोटांना दाद देईना. निकिता मदतीला पुढं झाली, तसा त्यानं तिचा हात बाजूला केला.