आरशातला दादा

माझा दादा आणि त्याची टोळी रोज संध्याकाळी चौकात मोटारसायकली तिरक्या लावून उभी असते. काम काही नसतं. दंड दाखवायचे, एकमेकांना शिव्या घालायच्या आणि त्यांचा म्होरक्या पैलवान हसला की सगळ्यांनी हसायचं. कला महाविद्यालयात आम्हीही तेच करतो, फक्त दंडांऐवजी शब्द फुगवतो आणि हसण्याआधी सरांकडे बघतो. हे मी दोन्हीकडे बोलून दाखवलंय. कुठेच कुणाला आवडलं नाही.

शेवटच्या वर्षाला मी दादाचंच मोठं तैलचित्र केलं. टोळी यायच्या आधी चौकात एकटाच, मोटारसायकलच्या आरशात बघून केस नीट करणारा दादा. आमच्या वर्गाचा नियम असा, की चित्रावर चर्चा चालू असताना ते काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. माझ्या चित्राची पाळी होती त्या दिवशी चर्चेला एक गॅलरीवाल्या बाई येणार होत्या आणि आमच्यातल्या एकाच्याच चित्राला त्यांच्या गॅलरीत जागा मिळणार होती. मला ती हवी होती. इतकी, की आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं.

दादाला बोलावलं ही माझीच हौस. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्याच्यामागून अख्खी टोळी आली. पैलवानाने चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दंड बारीक काढलाय असा निकाल दिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि आमच्या वर्गाने नाकं मुरडली.

बाई नाक वर करूनच आल्या, पण चित्र पाहून खूश झाल्या. या असल्या पोरांच्या पोकळ मर्दानगीची काय निर्दय टर उडवली आहे, म्हणाल्या. सरांनी लगेच ‘निर्दय’ उचललं, मग वर्गानेही. एकाने तर आरशाला आत्ममग्न समाजाचं प्रतीकच करून टाकलं. बाईंनी माझं नाव विचारलं. जागा जवळजवळ मिळालीच होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो तर नियमच होता. मागे दादा मान खाली घालून उगाचच शर्टाची बाही सरळ करत होता.

“टर नाही उडवलेली,” मी म्हणाले. “तो माझा दादा आहे. मला आवडतो तो.”

त्या खोलीत ‘आवडतो’ म्हणजे अगदीच बाळबोध. सरांनी कपाळाला हात लावला. बाई “असं होय” म्हणून पुढच्या चित्राकडे वळल्या. तिथे नुसता एक करडा चौकोन होता. जागा त्याला मिळाली. मला रडू आलं आणि रागही आला, बाईंचा जास्त, थोडा माझाही.

वर्ग पांगला. टोळी मोटारसायकली काढायला खाली गेली. दादा मात्र चित्रासमोरच उभा राहिला.

“तुला कसं कळलं गं?” त्याने विचारलं.

“काय?”

“ही पोरं यायच्या आधी मला भीती वाटते ते. रोज वाटते. आज माझ्यावरच हसतील असं वाटत राहतं. कुणाला बोललो नाहीये मी हे.”

मी चित्राकडे पाहिलं. होती की भीती, डोळ्यांत चक्क दिसत होती. मला ती कधी दिसलीच नव्हती. मी सगळा वेळ आरशाच्या कडेची चमक जमवण्यात घालवला होता.

“सख्खी बहीण आहे मी तुझी,” मी म्हणाले.

त्याला ते पटलं. खाली हॉर्न वाजायला लागले तरी तो हलला नाही.