बाबांचं पोहणं

बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते आणि लोटूकाका अजून फिरकले नव्हते. त्याचा मला राग होता. शेवटच्या दिवशी अख्खा शनवारा मोहल्ला दारात उभा होता, बाबांनी गणित शिकवलेली मुलं इंदूरहून धावत आली. पण ज्यांच्याशिवाय बाबांचा एक रविवार जात नव्हता, ते लोटूकाका दहाव्यालाही आले नाहीत आणि तेराव्यालाही.

आणि मग एका रविवारी अकराच्या सुमारास ते आले. नदीपलीकडच्या गावातून टेम्पोत बसून, एकटे. ओळखू येऊ नयेत इतके वाळले होते.

"आता आलात काका?" मी दारातच बोलून गेले.

ते आत येऊन बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "प्रतिभा, जळगावले माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. चंदननं मोबाइलच काढून घेतला. बापाले धक्का बसेल म्हणून पोरानं सांगितलं, मास्तर इंदूरच्या दवाखान्यात आहेत. मी रोज विचारू, कसे आहेत? तो म्हणे, ठीक आहेत. दोन महिने, बेटा. माणूस गेलेला, अन् मी त्याची तब्येत विचारतो. परवा कळलं मले."

मी त्यांना तीनदा फोन लावला होता. तो बंद लागत होता, तर मी मनात काय काय बोलून घेतलं होतं!

आईनं चहा आणला. बोलणं बाबांवर आलं, आणि मी माझी नेहमीची आठवण काढली. मी सहा वर्षांची असताना घाटावरून पाय घसरून तापीत पडले होते. हिरवं पाणी, नाकातोंडात वाळू, आणि केसांना धरून वर ओढणारा बाबांचा हात. ही गोष्ट मी शाळेच्या निबंधात लिहिली होती, सासरी सांगितली होती. बाबा समोर असले की दर वेळी उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, लाजतात.

लोटूकाकांनी कप खाली ठेवला.

"तो हात माझा होता, बेटा."

मी आईकडे पाहिलं. तीही त्यांच्याकडेच पाहत होती. त्या दिवशी ती माहेरी होती.

"मास्तरले पोहता येत नव्हतं. तो पायरीवर उभाच राहिला. हलता येईना, ओरडता येईना. तुले त्याच्या हातात दिलं तरी त्याची बोटं उघडेनात."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! तीस वर्षं जपलेलं कुणीतरी हातातून काढून घ्यावं तसं. काकांना ते दिसलं असावं.

"पुढचं ऐक ना. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सायकल घेऊन माझ्या दारात. म्हणे, लोटू, मले पोहणं शिकव. एक्केचाळीस वर्षांचा माणूस! केळीचे दोन खांब बांधून दिले त्याले, त्याले धरून पाय मारायचा. घाटावर त्याचेच विद्यार्थी डुंबायले यायचे, हसायचे. पण एक दिवस खाडा नाही."

"अगं बाई," आई एकदम म्हणाली. "म्हणजे ते तापीस्नानाचं व्रत नव्हतं?"

"कसलं व्रत, वहिनी?"

"दोन महिने रोज ओलं डोकं घेऊन घरी यायचे. विचारलं तर म्हणाले, तापीस्नानाचं व्रत आहे. मी मेली रोज साबुदाणा करून घालत होते!"

काका हसायला लागले. छातीवर हात दाबून हसले. "म्हणूनच! पाण्यात नेहमी म्हणायचा, लोटू, भूक फार लागते रे."

आई बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसत होती. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मग आलं का त्यांना पोहायला?" मी विचारलं.

"आलं ना. ज्येष्ठ लागायच्या आत नदी पार केली. मी बाजूनं होतो, पण हात नाही लावला. पल्याड वाळूत बसला अन् रडायले लागला. मी म्हटलं, मास्तर, पोरगी घरी सुखरूप आहे. तर म्हणे, पण लोटू, मी उभा राहिलो होतो ना. मी म्हटलं, आता नाही राहणार."

माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, केळीच्या खांबाला बिलगून पाय झाडणारे, पोरांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करणारे. केसांना धरून ओढणाऱ्या त्या हातापेक्षा मला हे बाबा जास्त जवळचे वाटले.

"माझी आठवण काढली का त्यानं?" काकांनी हळूच विचारलं. याच प्रश्नासाठी ते आले होते बहुतेक.

"रोज," मी म्हटलं. "शेवटी दवाखान्यात नर्सनं केळं दिलं तर एक घास खाऊन परत केलं. म्हणाले, हे लोटूच्या मळ्यातलं नाही. तिला वाटलं लोटू म्हणजे एखादं गाव आहे."

काका डोळे पुसून उठले. "चलतो. चंदन वाट पाहत असेल. पुढच्या रविवारी तुम्ही दोघी मळ्यात या."

काकांना सोडायला मी गाडीची चावी शोधत होते, तर आई चपला घालून अंगणात उभी. अडीच महिन्यांत तिनं उंबरठा ओलांडला नव्हता.

"तू राहू दे," ती मला म्हणाली. "भाऊजींना मीच कोपऱ्यावरच्या टेम्पोपर्यंत सोडते."

दोघं सावकाश निघाले. गल्लीच्या वळणापर्यंत मला आईचा आवाज ऐकू येत होता. ती काकांना साबुदाण्याचंच काहीतरी सांगत होती.