अर्ध्या डब्यांची योजना

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. सध्या मुक्काम एका विमा कंपनीच्या कपाटावर, छताच्या वीतभर खाली. माझा एक पट्टा तुटला आहे आणि कडी लागत नाही. इथून मला सगळ्यांची टाळकी दिसतात, पण मान वर करून माझ्याकडे पाहायला कुणाला सवड नाही.

मित्रांनो, एके काळी माझा तोरा वेगळा होता. बाई मला खांद्यावरून खाली ठेवत नसत. बाई म्हणजे इथल्या जुन्या अधिकारी. एखाद्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी आरोग्य विमा मागितला, की त्यांना कोणती योजना बसेल हे बाई ठरवायच्या. "यादीत वय कळतं, माणूस कळत नाही," असे म्हणून त्या थेट कामाच्या जागी जाऊन धडकायच्या. काचेच्या कारखान्यात त्या डोळे आणि भाजल्याच्या खुणा पाहत. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या तरुणांच्या ऑफिसात घसा, कान यांची चौकशी करत, आणि नुकती लग्ने झालेली दिसली की बाळंतपणाचा खर्च योजनेत घालत. एकाच्या मापाचे कपडे दुसऱ्याला चढवणे त्यांना अजिबात खपत नसे.

एकदा एका मोठ्या लाँड्रीची यादी आली. चाळीस बायका, बहुतेक विधवा नाहीतर बिनलग्नाच्या. नवरा नाही, मूल नाही. ऑफिसातले साहेब म्हणाले, सोपे काम आहे, एकेकटीची योजना द्या आणि मोकळ्या व्हा. बाई जेवणाच्या सुट्टीत तिथे गेल्या आणि मला मांडीवर घेऊन बसल्या. पाहतात तो काय, जवळजवळ प्रत्येकीने अर्धाच डबा खाऊन झाकण लावले.

"भूक नाही का गं?" बाईंनी शेजारच्या इस्त्रीवालीला विचारले.

"आहे की. पण संध्याकाळी गेल्या गेल्या आईला खायला लागतं. स्वयंपाक होईपर्यंत तिला दम निघत नाही," ती हसत म्हणाली.

बाईंनी मग एकेकीला घरचे विचारले. एकतीस जणींच्या घरी म्हातारे आईबाप होते. बाई साहेबांशी तीन दिवस भांडल्या आणि आईवडिलांना योजनेत घालूनच थांबल्या. "या बॅगेत काय भुतं भरून आणता?" असे साहेब वैतागून म्हणाले, ते मी आजवर कौतुक समजत आले आहे.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी हातात फुले होती, भेटवस्तू होत्या, मला धरायला हात उरला नाही. उद्या नेईन, म्हणाल्या. त्याला सहा वर्षे झाली. मला राग नाही. फक्त जिन्यात पावले वाजली की अजून वाटते, त्याच असतील.

त्यांच्या जागी आलेला तरुण अधिकारी वाईट नाही. तो यादी संगणकात घालतो आणि योजना बाहेर काढतो. गेल्या आठवड्यात ती इस्त्रीवाली त्याच्यासमोर येऊन बसली. केस पांढरे झाले होते, तरी मी आवाज ओळखला.

"आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे सोमवारी. दवाखान्यात म्हणतात, विम्यातून तिचं नावच काढलंय."

"यंदाच्या योजनेत आईवडील नाहीत, मावशी. यादीत तुम्ही सगळ्या एकट्याच दिसता."

"एकटी कशी? आई आहे ना घरी."

त्याने पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली आणि विचारले, "अशा आणखी किती जणी आहेत?"

"येऊन विचारा की. आता जेवायची सुट्टी होईल."

तो उठला. माझ्या जिवात जीव आला. पण त्याने टेबलावरचा कोरा कागद घडी करून खिशात घातला, आणि दोघे जिना उतरून गेले. मला नेले नाही याचे वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? नंतर दोन दिवस साहेबांच्या केबिनमधून चढलेले आवाज येत होते. शुक्रवारी आईचे नाव पुन्हा यादीत आले, आणि इतरांच्या आईबापांचीही.

मित्रांनो, यादीत कुणी एकटे दिसले, तर घरी कोण वाट पाहते एवढे विचारून या. आणि खरेच कुणी नसेल, तर त्यांच्याजवळून लगेच उठू नका.